आपण पाहिला तो कोणता ‘शोले’?

बीड जिल्ह्यात ‘शोले’च्या शेवटावरून वाद घालणारी दोन माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. एक जण छातीठोकपणे सांगतो, ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला तुडवून मारतो. दुसरा तितक्याच ठामपणे म्हणतो, मारत नाही, ऐन वेळी पोलीस येतात आणि ठाकूरला थांबवतात. दोघांनाही चित्रपट तोंडपाठ असतो, दोघांपैकी कुणीच माघार घेत नाही, आणि दोघंही खरंच बोलत असतात. एकाने तो व्हिडिओवर पाहिलेला असतो, दुसऱ्याने थेटरात.

१५ ऑगस्ट १९७५ रोजी मुंबईच्या मिनर्व्हात ‘शोले’ लागला, तेव्हा आणीबाणी जाहीर होऊन दोन महिनेही झाले नव्हते. निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेऊन डाकूचा जीव घ्यावा, हे सेन्सॉरला मान्य नव्हतं. दिग्दर्शक रमेश सिप्पींना शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. इमामसाहेबांच्या मुलाची, अहमदची हत्याही छाटली गेली. हा अहमद म्हणजे आपला सचिन पिळगावकर. थेटरातल्या प्रतीत गब्बर आडवा पडून हातावरची मुंगी चिरडतो, आणि पुढच्याच दृश्यात घोड्यावरून अहमदचं प्रेत गावात येतं. मधलं सारं प्रेक्षकाने मनाने भरून काढायचं. संकलक एम. एस. शिंदे यांनी सुमारे तीन लाख फूट फिल्ममधून वीस हजार फुटांचा चित्रपट बांधला होता, त्यातून सेन्सॉरपायी आणखी दोनेक हजार फूट गेले. नऊ नामांकनं असूनही ‘शोले’ला फिल्मफेअर मिळालं ते एकच, आणि ते या मराठी संकलकाला. कापाकापीनंतरही चित्रपटाचा श्वास कुठे अडखळत नाही, याचं श्रेय त्यांचं आहे.

कापलेला भाग फेकून दिला गेला नव्हता. १९९०मध्ये दिग्दर्शकाच्या मनातला २०४ मिनिटांचा ‘शोले’ व्हीएचएस टेपवर बाहेर पडला. थेटरात पंधरा वर्षं पोलीस येत होते, आणि घरच्या टीव्हीवर अचानक ठाकूरचा बूट खाली आला. शेवटावरचा तो वाद तिथून सुरू होतो.

पुढे इरॉस कंपनीने डीव्हीडी काढल्या, त्याही दोन तऱ्हेच्या. एक २०४ मिनिटांची, मूळ शेवट असलेली, पण टीव्हीची सगळी काच भरणाऱ्या उंच चौकटीतली. दुसरी १८८ मिनिटांची, सेन्सॉरने कापलेली, पण वर-खाली काळ्या पट्ट्या आणि मधे रुंद चित्र असलेली. म्हणजे ज्याला पूर्ण गोष्ट हवी त्याला उंच चौकट घ्यावी लागे, आणि ज्याला रुंद चौकट हवी त्याला तोकडी गोष्ट. कव्हरवर दोन्हीकडे जय, वीरू आणि गब्बरच. आतला चित्रपट मात्र निराळा. घरगुती आवृत्त्यांची तुलना करणं हा रिकामपणचा उद्योग वाटणाऱ्याने या दोन तबकड्या समोरासमोर ठेवून पाहाव्यात.

यातली ‘खरी’ चौकट कोणती? बहुतेकांना वाटतं, ज्यात जास्त दिसतं ती. उंच चौकटीत डोक्यावरचं आभाळ जास्त दिसतं, पायाखालची जमीनही जास्त दिसते. पट्ट्या असलेल्या प्रतीत तेच आभाळ आणि तीच जमीन झाकलेली. बीडच्या काय किंवा अंबाजोगाईच्या काय, सीडी भाड्याने देणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक ‘फुल स्क्रीन’च मागायचं, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. एकवीस इंची जुन्या टीव्हीची काच उंचीला साधारण साडेबारा इंच. त्यावर रुंद चित्र लावलं, तर उरते जेमतेम साडेसात इंचांची पट्टी. पैसे पूर्ण टीव्हीचे दिलेत, तर चित्र निम्म्यावर का पाहावं?

पण कॅमेऱ्यामागे द्वारका दिवेचा बसले होते ते रुंद चौकट मनात धरून. ‘शोले’ ७० मिमीचा चित्रपट म्हणून गाजला, तरी ७० मिमीचा कॅमेरा वापरलाच गेला नव्हता. चित्रीकरण नेहमीच्या ३५ मिमी फिल्मवर झालं आणि लंडनमध्ये ते फुगवून ७० मिमीच्या प्रती निघाल्या. ७० मिमीची चौकट उंचीच्या २.२ पट रुंद असते, ३५ मिमीच्या निगेटिव्हवरची चौकट जवळपास चौकोनी. म्हणून कॅमेऱ्यात खुणा केलेली काच बसवली होती. त्या खुणांच्या आत जे येईल तेवढंच पडद्यावर जाणार, हे ठरवून प्रत्येक दृश्य रचलं गेलं. निगेटिव्हच्या उंचीतला दहापैकी जवळजवळ चार भाग मुद्दाम सोडून द्यायचा होता. उंच चौकटीच्या डीव्हीडीत नेमका तोच भाग परत आला. डोळ्यांना जास्त मिळालं, आणि रचना विसकटली. रामगढच्या खडकांमध्ये उभा असलेला माणूस रुंद चौकटीत डोंगराने दाबल्यासारखा दिसतो. उंच चौकटीत त्याच्या डोक्यावर मोकळं आभाळ येतं आणि तो दाब निघून जातो.

सुरुवातीचा रेल्वेवरचा दरोडा घ्या. मुंबई-पुणे मार्गावर पनवेलजवळ सात आठवड्यांहून अधिक काळ तो चित्रित होत होता. गाडी आडवी, घोडे आडवे, पाठलाग आडवा. सगळी हालचाल डावी-उजवीकडे. बीड शहरात अहिल्यानगरहून पहिली रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ला. परळीकरांनी रेल्वे कधीपासून पाहिलेली, पण बीड, गेवराई, पाटोद्याकडच्या कितीतरी लोकांच्या मनात रेल्वे म्हटलं की आधी हीच गाडी धावत आली असणार. ती टीव्हीच्या चौकोनात कोंबली की लांबी हरवते, आणि डब्यांवरून धावणाऱ्या वीरूमागे किती गाडी उरली आहे हे कळत नाही.

मराठवाड्यात ‘शोले’ पोचला तोही सरळ मार्गाने नव्हे. बीड १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात होतं. १९६०मध्ये महाराष्ट्र झाला, तरी चित्रपटाच्या धंद्याने तो नकाशा बदलला नाही. वितरकांच्या वहीत मराठवाडा ‘निजाम’ सर्किटमध्येच राहिला. ७० मिमीचं यंत्र आणि सहा पट्ट्यांचा स्टीरिओ आवाज मोठ्या शहरांतल्या मोजक्या थेटरांपुरता होता. तालुक्याच्या गावी यायची ती ३५ मिमीची प्रत, एकाच वाहिनीच्या आवाजाची, आणि बहुतेक वेळा मोठ्या गावांत फिरून झिजलेली. रिळाच्या सुरुवातीला आणि शेवटी ओरखड्यांचा पाऊस. चिकटवून चिकटवून मधली चार-दोन वाक्यं गेलेली. यात्रेच्या तंबूत तर चित्र वाऱ्याबरोबर हलायचं. लोकांनी पाहिला तो ‘शोले’ हाच होता, आणि तरीही तो त्यांच्या अंगात भिनला. संवाद पाठ होण्याचं कारण अर्थात थेटर एवढंच नव्हे. पॉलिडॉर कंपनीने गाण्यांबरोबर संवादांचीही तबकडी काढली होती. लग्नाच्या मांडवात कर्ण्यावरून गब्बर बोलायचा आणि चित्रपट न पाहिलेली पोरंही ते संवाद म्हणायची. घरात बसून ‘शोले’ अनुभवण्याची पहिली सोय ही अशी, चित्राविना निव्वळ आवाजाची होती.

मग व्हिडिओ आला. ऐंशीच्या दशकात गणपतीत, लग्नात, कुणाच्या बारशाला तालुक्याच्या गावाहून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने यायचा. चौकात टेबल, टेबलावर टीव्ही, समोर अख्खं गाव. रात्रभरात तीन पिक्चर ठरलेले. चित्रात बर्फ पडायला लागला की व्हिडिओवाला झाकण उघडून हेड पुसायचा, ट्रॅकिंगचं बटण फिरवायचा, आणि खालच्या बाजूने थरथरणारी पट्टी काचेबाहेर ढकलायचा.

व्हीएचएसची कुवत आकड्यांत सांगायची तर आडव्या तपशिलाच्या साधारण २४० रेघा. तीही पहिल्या धारेची टेप असेल तर. गावात फिरणारी टेप टेपवरून टेप उतरवलेली असे, आणि प्रत्येक उतरवणीत रंग आणखी ओघळायचे. बसंतीच्या कपड्यांचा लाल रंग कपड्यांबाहेर सांडलेला कितीजणांना आठवत असेल. त्यात ‘शोले’ लांबलचक. बाजारात सर्रास मिळायची ती टेप १८० मिनिटांची. २०४ मिनिटं त्यात बसवायची तर टेप निम्म्या वेगाने फिरवायची, म्हणजे चित्र आणखी भरड करायचं, नाहीतर काहीतरी कापायचं. एखाद्या गावात ‘शोले’त एखादं गाणंच नव्हतं असं कुणी सांगितलं, तर ते अशक्य नाही.

आवाजाची दशा त्याहून वाईट, आणि तिचं कारण फारसं कुणी सांगत नाही. साध्या व्हीएचएसवर आवाज टेपच्या काठावरच्या बारीक पट्टीत नोंदवला जातो. तिथे टेप सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते. गाण्यांची साधी कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायची. म्हणजे व्हिडिओचा आवाज कॅसेटच्याही निम्म्या वेगाने धरलेला. टेप जितकी हळू, तितका वरचा, तलम आवाज कमी आणि सरसर जास्त. निम्म्या वेगाच्या नोंदणीत तर हेही अर्धं होतं.

‘शोले’ची खरी हानी इथेच झाली, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. चित्र फिकट झालं तरी डोळा समजून घेतो. पण हा चित्रपट शांततेवर उभा आहे, आणि शांतता टेपवर उरत नाही. ठाकूरचं कुटुंब मारलं जातं तो प्रसंग ऐकून पाहावा. गोळ्या थांबतात, माणसं पडलेली असतात, आणि रिकाम्या झोपाळ्याची कुरकुर तेवढी राहते. ती कुरकुर भयाण वाटते, कारण तिच्या भोवती दुसरं काही नाही. टेपवर कुरकुर ऐकू येते, पण भोवती सरसर भरून असते. गब्बरचा प्रवेशही तसाच. आधी बूट दिसतात, आणि खडकावरून फरफटणाऱ्या पट्ट्याचा आवाज. तोंड नंतर. त्या फरफटीत धातू आणि दगड असे दोन वेगळे आवाज आहेत, आणि चांगल्या प्रतीत ते वेगळे कळतात. आवाजाचं मिश्रण मंगेश देसाईंचं. परळच्या राजकमल कलामंदिरात बसून हिंदी-मराठीसह सत्यजित राय यांच्या चित्रपटांनाही आवाजाचा अखेरचा हात देणारा हा माणूस. सहा पट्ट्यांच्या स्टीरिओचं काम लंडनला झालं. जयचं नाणं उडून पडलं की ते आपल्याच पायाशी पडलं असं वाटून लोक खुर्चीखाली वाकायचे, अशी मिनर्व्हाची आठवण सांगितली जाते. चौकातल्या टीव्हीच्या बोटभर स्पीकरमधून ते नाणं कुठेच पडत नव्हतं.

१९९६मध्ये दूरदर्शनवर ‘शोले’ दाखवला गेला, आणि लगोलग व्हीसीडीचा जमाना आला. व्हीसीडीने चित्र सुधारलं, ही समजूत अर्धीच खरी. ती घासली तरी बर्फ पडत नव्हता, रंग ओघळत नव्हते, हे खरं. पण तिच्या चित्रात आडवे ३५२ आणि उभे २८८ एवढेच ठिपके, आणि सेकंदाला चित्रासाठी ११५० किलोबिट. एका तबकडीत साधारण सव्वा तास मावायचा, म्हणून पूर्ण ‘शोले’ तीन सीडींचा.

या ठिपक्यांचा अर्थ एका प्रसंगात नीट उलगडतो. जय ओसरीत बसून माउथ ऑर्गन वाजवतोय आणि राधा वरच्या सज्ज्यात एकेक दिवा मालवत जाते. सूर्य बुडाल्यावर काळोख होण्याआधीच्या काही मिनिटांत आभाळाला येणारा उजेड दिवेचांना हवा होता. तो रोज थोडा वेळच मिळायचा, म्हणून एवढ्याशा प्रसंगाला वीसेक दिवस लागले. ते वीस दिवस व्हीसीडीवर पाहायला गेलं तर आभाळाच्या जागी चौकोनी ठोकळे दिसतात. निळ्याकडून काळ्याकडे जाणारी छटा सलग नसते, पायऱ्या पडलेल्या असतात. राधाची पांढरी साडी आणि मागची भिंत एक होतात. दिवा मालवला की अंधार हळूच पसरत नाही, ठोकळ्यांचा रंग बदलतो. डीव्हीडीवर ठिपके व्हीसीडीच्या चौपट, म्हणून तिथे साडीची कड भिंतीपासून सुटते आणि राधाचा चेहरा पहिल्यांदा वाचता येतो. तरी आभाळात पायऱ्या थोड्या राहतातच. घरात एकच प्रसंग लावून सगळ्या प्रतींची पारख करायची असेल, तर ती या दिव्यांवर करावी.

डीव्हीडीने दुसरा एक घोळ घातला. जुन्या हिंदी चित्रपटांच्या कव्हरवर ‘५.१’ असं मोठ्या अक्षरांत छापण्याची रीत पडली. अनेकदा हे सहा आवाज मूळचे नसून एकाच वाहिनीचा जुना आवाज ताणून, त्यात घोड्यांच्या टापा, बंदुकीचे बार, पाऊस नव्याने मिसळून तयार केलेले असत. ऐकायला भारदस्त वाटतं. पण नवा बार जुन्या खोलीत वाजतो, आणि संवादाचा आवाज मधल्या स्पीकरात एकटा पडतो. ज्या प्रतीत मूळ एकेरी आवाजही पर्याय म्हणून दिलेला असतो, ती प्रत अधिक प्रामाणिक. अशा प्रती फार कमी निघाल्या.

वेळेचा घोळही समजून घ्यायला हवा. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो, आणि आपल्याकडची जुनी टीव्हीची पद्धत, पाल, सेकंदाला २५ चित्रं दाखवायची. म्हणून चित्रपट चार टक्के वेगाने पळवला जायचा. २०४ मिनिटांचा चित्रपट अशा प्रतीत १९६ मिनिटांतच संपतो, एकही दृश्य न कापता. कव्हरवरची मिनिटं कमी दिसली म्हणून लगेच सेन्सॉरवर खापर फोडू नये. या पळवापळवीत सूरही चढतो, अर्ध्या स्वराच्या पाऊण हिश्शाला किंचित कमी. पेटीवाल्याला हे चटकन कळतं. गाणं पांढरी एकमध्येही बसत नाही आणि काळी एकमध्येही बसत नाही, मधेच कुठेतरी लोंबकळतं.

३ जानेवारी २०१४ला ‘शोले’ त्रिमितीत आला. सुमारे २५ कोटी खर्चून सपाट चित्राला खोली दिलेली. ती मेहनत होती यात शंका नाही, पण दिवेचांनी उजेडातून आणलेली खोली वेगळी आणि चष्म्यातून दिसणारी वेगळी. पुढे घरी पाहणाऱ्याला तिचा फारसा उपयोग नव्हता.

खरं काम त्यानंतर झालं. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांची मुंबईतली फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्स यांनी मिळून मूळ सामग्री शोधायला घेतली. मुंबईतल्या गोदामात नाव नसलेले डबे निघाले, काही सामग्री इंग्लंडमधल्या गोदामात सापडली. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ निगेटिव्ह इतकी खराब झाली होती की तिच्यावरून सरळ प्रत काढणं शक्य नव्हतं. फिल्मला व्हिनेगरचा वास सुटतो, ती आक्रसते, वाकते. ७० मिमीची एकही प्रत शिल्लक सापडली नाही. निगेटिव्हवरून काढून ठेवलेल्या दोन इंटरपॉझिटिव्ह, एक लंडनमधली आणि एक १९७८ची मुंबईत जमा झालेली, यांच्या आधाराने इटलीतल्या बोलोन्याच्या ‘लिमाजिने रित्रोवाता’ प्रयोगशाळेत काम झालं. आवाज मूळ ध्वनी निगेटिव्ह आणि चुंबकीय पट्टीवरून घेतला. चौकट किती असावी हे ठरवताना दिवेचांबरोबर काम केलेले छायालेखक कमलाकर राव यांची आठवण कामी आली. कॅमेऱ्यातल्या त्या खुणांच्या काचेची हकीकत त्यांनीच सांगितली. २७ जून २०२५ला बोलोन्याच्या चौकात, उघड्यावर, हा ‘शोले’ दाखवला गेला. २.२ची रुंद चौकट आणि मूळ शेवट पहिल्यांदाच एका प्रतीत एकत्र आले. डिसेंबर २०२५मध्ये तो भारतातल्या थेटरांतही लागला. प्रेक्षक आणि चित्रपट यांच्यात पन्नास वर्षांची तडजोड होती, ती इथे मिटली.

आता ही प्रत घरी पोचेल तेव्हा पारखायची कशी? थोडी शिस्त पाळली तर कुणालाही जमेल. जुनी आणि नवी, दोन्ही प्रती एकाच टीव्हीवर, एकाच अंतरावरून पाहाव्यात. नव्या टीव्हीला दुकानात चमकण्यासाठी ‘व्हिव्हिड’ मांडणी दिलेली असते, ती बंद करून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ निवडावी. हालचाल गुळगुळीत करणारी सोय पहिल्यांदा बंद करावी. ती चालू असली की ‘शोले’ही मालिकेसारखा दिसतो. आवाज दोन्हीकडे सारख्याच मोठेपणाने लावावा, कारण जो जास्त मोठा तो कानाला चांगलाच वाटतो, आणि निम्म्या तुलना इथेच चुकतात. मग चारच ठिकाणं पाहावीत. चौकटीच्या कडांसाठी रेल्वे, काळ्या छटांसाठी दिवे, आवाजासाठी झोपाळा, आणि चेहऱ्याच्या पोतासाठी गब्बर. अमजद खानच्या गालावर घाम, धूळ आणि दाढीची खुंटं वेगवेगळी दिसली पाहिजेत.

गब्बरचा गाल मेणासारखा तुळतुळीत दिसला, तर प्रत ‘सुधारलेली’ आहे असं समजावं. फिल्मवर चांदीच्या कणांमुळे बारीक रवा असतो. तो घाण नव्हे, चित्र त्या रव्याचंच बनलेलं असतं. संगणकाने रवा पुसला की त्याबरोबर खुंटं, सुरकुत्या, कापडाची वीण सगळं जातं. इंटरनेटवर आज जुन्या चित्रपटांवर ‘४के’ असा शिक्का सर्रास दिसतो. ४केमध्ये ८२ लाखांहून अधिक ठिपके असतात, व्हीसीडीत एक लाखाच्या आसपास. मूळ प्रत व्हीसीडीची असेल, तर उरलेले ८१ लाख ठिपके यंत्राने अंदाजाने भरलेले असतात.

मराठी चित्रपट या अंदाजाच्या तावडीत सर्वांत जास्त सापडले आहेत. ‘शोले’मागे सिप्पींचं घर होतं, पैसा होता, जगभर नाव होतं. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी मराठी चित्रपटांची आज घरी पाहायला मिळणारी एकमेव प्रत म्हणजे व्हीसीडीसाठी काढलेली उतरवणी. कोपऱ्यात कंपनीचं बोधचिन्ह कायमचं गोंदलेलं, चौकट दोन्ही बाजूंनी छाटलेली, गाण्यांच्या सुरुवाती तुटलेल्या. तीच प्रत वाहिन्यांवर, तीच मोबाइलवर. नव्या पिढीला जुना मराठी सिनेमा म्हणजे धूसर चित्र आणि चिरका आवाज असंच वाटत असेल, तर दोष त्या सिनेमाचा नाही.

‘संत तुकाराम’ची गोष्ट जरा वेगळी आणि जास्त मोलाची. दामले-फत्तेलाल यांचा हा प्रभातचा चित्रपट १९३६चा, १९३७मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेलेला. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस स्वतः गायचे, आणि त्यांचा आवाज टाळ-चिपळ्यांच्या नादासकट फिल्मवर उमटलेला. घरगुती आवृत्त्या काढताना जुन्या आवाजातली सरसर गाळायची घाई होते. टाळ आणि चिपळ्यांचा नाद त्या सरसरीच्याच पट्ट्यात, वर असतो. सरसर गाळली की टाळही जातो, आणि पागनीस बंद खोलीत एकटेच गात असल्यासारखे वाटतात. बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे गावोगाव हरिनाम सप्ताह होतात आणि नारायणगडाच्या वाटेवर दिंड्या चालतात, तिथल्या कानाला हे सांगावं लागत नाही. थोडी सरसर असलेली प्रत लावून पाहावी. टाळ परत येतो, आणि टाळाबरोबर इंद्रायणीकाठची मोकळी हवाही.

‘संत तुकाराम’ची प्रत शिल्लक आहे, हे भाग्यच. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४मध्ये सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी ते जिद्दीने उभं केलं. तरी ८ जानेवारी २००३ला पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि सुमारे सहाशे चित्रपटांची पाच हजारांवर रिळं गेली. त्यांत प्रभातच्या चित्रपटांचीही होती. बहुतेकांच्या दुय्यम प्रती उरल्या, पण दुय्यम प्रतीतून दिसेल तेवढंच आता दिसणार. विजय तेंडुलकरांच्या नाटकावरचा १९७६चा ‘घाशीराम कोतवाल’ तर चक्क बर्लिनने सांभाळला. तिथल्या आर्सेनल संस्थेतल्या प्रतीवरून तो २०१४मध्ये नव्याने उजेडात आला. पेशवाईच्या पुण्यावरचा चित्रपट पुण्याच्या माणसाला जर्मनीहून मिळावा, याची खंत वाटायलाच हवी.

सरकारने राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानासाठी सुमारे ६०० कोटींची तरतूद केली आहे. त्यातून झालेली प्रत्येक मराठी प्रत घरापर्यंत पोचली पाहिजे, आणि तिच्यावर चार गोष्टी छापलेल्या हव्यात. कोणत्या सामग्रीवरून काढली, चौकट किती, आवाज मूळ की नवा, आणि किती मिनिटं कापली. औषधाच्या बाटलीवर आत काय आहे ते लिहिलेलं असतं, चित्रपटाच्या कव्हरवर का नसावं?

एक काम मात्र सरकारची वाट न पाहता होण्यासारखं आहे. बीड, माजलगाव, केजच्या माळ्यांवर आणि पत्र्याच्या पेट्यांत अजून व्हीएचएस टेपा पडून आहेत. लग्नाच्या आहेत, तशाच टीव्हीवरून उतरवलेल्या चित्रपटांच्याही. त्यांतल्या काहींत नव्या मिश्रणाआधीचा एकेरी आवाज आहे, काहींत आज कुठेच न मिळणारा मराठी चित्रपट असू शकतो. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची मोठी कंपनी जुलै २०१६मध्ये थांबली, म्हणून चालू स्थितीतलं यंत्र मिळालं तर भंगारात देऊ नये. टेप आडवी रचून ठेवू नये, पुस्तकासारखी उभी ठेवावी. पत्र्याखालची एप्रिल-मेची धग आणि पावसाळ्यातली ओल दोन्हींपासून दूर. यंत्रात घालण्याआधी टेपच्या खिडकीतून आतलं वेटोळं उजेडात धरून पाहावं. कडेला पांढरट भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी टेप लावली तर ती यंत्राचं हेड खराब करते, आणि मग त्याच यंत्रात घातलेली पुढची चांगली टेपही बिघडते. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी, आणि कव्हरवरचं पेनाने लिहिलेलं जुनं नाव-गाव-तारीख पुसू नये.